दाराची आतली बाजू

“ताई, या दाराला आत कुठलं नि बाहेर कुठलं ते कळत नाही. हँडल-बिंडल काही बसवू नका. एक चुंबक ठोकून देतो, विषय संपला.”

सुतार असं म्हणाला तेव्हा तिने ते हसण्यावारी नेलं. दाराला काही कळत नसतं हे समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही, आणि तिच्याकडे तर ती होती. तिला वाटलं, जुन्या लाकडात खाच पाडायचा कंटाळा आलाय गड्याला, म्हणून दारावर खापर फोडतोय.

घर घेऊन तीन महिने झाले होते. तिसरा मजला, लांबट पॅसेज आणि पॅसेजच्या टोकाला ती छोटी खोली. एक टेबल, एक कपाट, छताजवळ हवेसाठी जाळी, संपली खोली. शनिवार-रविवारी नवरा मुलीला सांभाळायचा आणि ती या खोलीत बसून शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. दार साधंच होतं, सरळ. फक्त त्याला हँडल नव्हतं. हँडलच्या जागी लाकडाचा गोल तुकडा ठोकून, घासून, दोन्ही बाजूंनी रंग दिलेला. ज्याने कोणी हे केलं होतं, त्याने फार मन लावून केलं होतं.

असं मोकळं दार वाऱ्यावर आपटणारच. एका दुपारी आपटलं ते मुलीच्या बोटावर. मुलगी साडेतीन वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. बोट वाचलं, नख काळंनिळं पडलं. ती स्वतः तेव्हा स्वयंपाकघरात होती, आठ पावलांवर. ती आठ पावलं त्यानंतर कित्येक दिवस ती मनात चालत राहिली.

तेव्हा ठरलं. दाराला हँडल हवं, आणि हँडलला बटण हवं. आतून दाबलं की दार बंद. पण पोरीने चुकून आतून दाबून घेतलं तर? म्हणून बाहेरच्या बाजूला खाच हवी, नाणं घालून फिरवलं की उघडणारी. तिने वहीत हे सगळं चित्र काढून लिहिलं, आणि हार्डवेअरच्या दुकानात गेली.

“वहिनी, दार डावं की उजवं?”

“म्हणजे?”

“बिजागऱ्या कुठल्या हाताला?”

“कुठून बघितलं तर?”

दुकानदाराने कानावरची पेन्सिल काढून गल्ल्यावर ठेवली. “बाहेरून बघायचं असतं वहिनी. दार नेहमी बाहेरून बघायचं.”

तिच्या मोबाईलमधला फोटो आतून काढलेला होता. तिने मनातल्या मनात उलटसुलट केलं, सांगितलं, आणि घरी आणलं ते हँडल उलट्या हाताचं निघालं. दुसऱ्या खेपेला हात बरोबर होता, पण स्क्रू लांब. दार सव्वा इंचाचं, स्क्रू पलीकडून डोकं बाहेर काढून हसणार. तिसऱ्या खेपेला दुकानदार तिला पाहूनच म्हणाला, “आता दारच उचलून आणा इकडे. मी हँडलला दाखवतो, पसंत पडतंय का बघू.”

“अगं, मला पसंत करताना एवढे प्रश्न विचारले नव्हतेस,” नवरा म्हणाला.

“विचारायला हवे होते,” ती म्हणाली.

अखेर सुतार आला. पटाशीने लाकूड कोरताना तो सारखा उठून दाराच्या दोन्ही बाजूंना जाऊन बघत होता. हँडल बसलं. बटण आत, खाच बाहेर, चारही स्क्रूंची डोकी आतल्या बाजूला. तिने दहा वेळा बटण दाबून पाहिलं. दाबलं की ‘टिक’ असा बारीक आवाज यायचा, पेनाचं टोपण बसल्यासारखा. बाहेरून नाण्याने दहा वेळा उघडून पाहिलं. सुतार अवजारं गोळा करत म्हणाला, “ध्यानात ठेवा, बटण आतल्या माणसाकडे असतं.” आणि चहा न घेताच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढताना तिला ते दिसलं. बटण पॅसेजच्या बाजूला होतं. खाच खोलीत.

तिचा पारा चढला. पैसे घेऊन गेला नि उलटं बसवून गेला! मग आठवलं, आपण दहा वेळा तपासलं होतं. मग वाटलं, तपासलं होतं ना?

“तूच उलटं सांगितलं असशील,” नवरा बुटांच्या नाड्या बांधत म्हणाला. “त्या फोटोसारखं.”

सुताराला पाच फोन केले तेव्हा तो तीन दिवसांनी उगवला. त्याने दाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

“एकोणतीस वर्षं दारं लावतोय ताई. लोकांच्या घरात लोकांना कोंडून ठेवायला नाही शिकलो.”

“मग हे काय आहे?”

त्याने चारही स्क्रू काढले, हँडल फिरवलं, पुन्हा बसवलं. या वेळी तिने फोटो काढला. खोलीत उभं राहून. बटण, शेजारी सुताराचा अंगठा, मागे पॅसेजमध्ये जीभ काढून उभी असलेली भिंगरी. वर खबरदारी म्हणून चारही स्क्रूंवर नखं रंगवायच्या लाल रंगाचा एकेक थेंब टाकला, अर्धा डोक्यावर, अर्धा पट्टीवर. स्क्रू केसभर फिरला तरी थेंब तुटणार. मुद्रितं तपासणाऱ्या बाईची नजर होती ती. तिच्या हातून स्वल्पविराम निसटत नसे.

सोमवारी बटण पॅसेजमध्ये होतं. चारही स्क्रू पॅसेजमध्ये होते. चारही थेंब जसेच्या तसे, अखंड.

तिने बटणाला हात लावला. बाकीचं हँडल थंड होतं. बटण कोमट होतं, कोणाचं तरी बोट आत्ताच तिथून उठल्यासारखं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला फोटो दाखवला, थेंब दाखवले. त्याने दोन्ही पाहिले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तोच हात तिला सगळ्यात जास्त झोंबला.

“तुझी झोप होत नाहीये,” तो म्हणाला. “बोट लागल्यापासून तू नुसती दारंखिडक्या बघत फिरतेस. जरा शांत हो ना.”

“शांत होऊ म्हणजे काय करू? दार बघायचं सोडून देऊ?”

“हे बघ, हे असं.”

आता काय बोलणार! भिंतीवर डोकं आपटलं तर भिंतच म्हणेल, जरा शांत हो.

पण ती खरी घाबरली ती बुधवारी. ती खोलीत इस्त्रीचे कपडे लावत होती, भिंगरी तिच्या पायाशी खेळत होती. खेळ संपला तशी पोर उठली, दारापाशी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. भिंगरीने खोलीच्या आतून त्यावर टकटक केलं आणि लाडाने विचारलं, “येऊ का?”

“कोणाला विचारतेस गं?”

“आईला.”

“अगं, मी इथे आहे ना. तुझ्या मागे.”

भिंगरी वळली. तिने आईकडे पाहिलं, परक्या घरी गेल्यावर एखाद्या अनोळखी बाईकडे बघतात तसं, जरा लाजून. मग दार ढकलून पळाली.

आता पुरे झालं, तिने ठरवलं. सुतार नको, नवरा नको, आपलं आपण. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ होती. नवरा कामावर गेलेला, ऊन पॅसेजभर आलेलं. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला. भिंगरी बाहेरच्या खोलीत लाकडी ठोकळे रचत मोठमोठ्याने मोजत होती, सातनंतर थेट अकरा. तिने दार सताड उघडलं, ते हलू नये म्हणून जड खुर्ची लावली, आणि पेचकस घेऊन पॅसेजमध्ये गुडघ्यांवर बसली. हँडल काढायचं, भोकात पुन्हा लाकूड ठोकायचं, वरून रंग. आधीच्या माणसाने एवढं मन लावून ते काम का केलं असेल, हे तिला आत्ता कुठे कळत होतं.

पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. तिसरा निघाला आणि बोटांतून सुटून टणत्कार करत खोलीत गडगडत गेला, थेट कपाटाखाली.

“शी! याचंच राहिलं होतं!”

पेचकस जमिनीवर ठेवून ती आत गेली. पावलं मोजली तर चार. ती पोटावर झोपली, कपाटाखाली हात घातला. धूळ, एक पिन, मग स्क्रू.

ऊन गेलं.

तिने मान वळवली. दार लागलेलं होतं. आपटल्याचा आवाज झाला नव्हता. खुर्ची सरकल्याचाही नाही. ती खुर्ची सरकली असती तर खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असतं. कोणीतरी ती उचलून बाजूला ठेवली होती.

“भिंगरी! दार उघड. खेळू नकोस दाराशी.”

“...सात, अकरा, बारा,” बाहेरच्या खोलीतून, पार लांबून आवाज आला.

आणि दाराच्या पलीकडे, अगदी जवळ, पेचकस फिरू लागला.

लाकडात स्क्रू जाताना कुरकुरतो तसा आवाज. सावकाश. एक स्क्रू पुरता बसला. मग दुसरा. मग ‘टिक’.

तिने हँडल दाबलं. ते खाली गेलं नाही.

खाच आतच होती. हातातल्या स्क्रूची डोक्याकडची कड तिने खाचेत घातली आणि फिरवली. लॅच सुटला. तिला जाणवलं तो सुटलेला. पण हँडलला हात घालायच्या आत, ‘टिक’.

पुन्हा फिरवलं. ‘टिक’.

पुन्हा.

बाहेर जे कोणी होतं त्याला घाई नव्हती. प्रत्येक वेळी तेवढाच वेळ घेऊन, तेवढ्याच हलक्या हाताने, बटण दाबलं जात होतं. निजलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करावं, तसं. तिची बोटं सोलवटली. तिने दारावर दोन्ही मुठी आपटल्या, जाळीकडे तोंड करून ओरडली, पुन्हा मुठी आपटल्या.

मग लहान पावलं पळत आली.

“आई, आत कोण आहे?”

तिच्या जिवात जीव आला. “अगं, मीच आहे! आई आहे! ते बटण दिसतंय ना सोन्या, ते ओढ.”

बटण कोणी ओढलं नाही.

मग भिंगरीचा आवाज. पण तो दाराकडे तोंड करून नव्हता, वर बघून बोलल्यासारखा होता.

“तुझ्यासारखंच बोलतंय.”

उत्तर ऐकू आलं नाही. फक्त भिंगरी म्हणाली, “बरं.” आणि पावलं गेली. लहान पावलांबरोबर दुसरी पावलं. तिने मोजली. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत आठ.

संध्याकाळी मुख्य दार वाजलं. नवऱ्याचे बूट. त्याचं खोकणं. तिने होता नव्हता तेवढा जोर लावून दार बडवलं.

“हे काय वाजतंय?” नवरा म्हणाला.

“दार वाजतंय,” भिंगरी म्हणाली.

तो पॅसेजमधून चालत आला. त्याचा श्वास तिला पलीकडे ऐकू येत होता, एका लाकडाच्या अंतरावर. तिने त्याला नावाने हाक मारली. त्याने हँडल एकदा हलवून पाहिलं.

“घट्ट बसलंय की! एकदाचं जमलं म्हणायचं,” तो म्हणाला, आणि मग स्वयंपाकघराकडे वळून, हसत, “आज किती शांत आहेस तू. बरं वाटलं बघून.”

या सगळ्याला किती दिवस झाले, हे तिला सांगता येत नाही. जाळीतून उजेड येतो आणि जातो. तिला भूक लागत नाही, हेही तिने आता लक्षात घेणं सोडलंय. दार उघडा, असं ती कोणाला म्हणत नाही. ते म्हणून काय होतं हे तिने पाहिलंय. पलीकडे घर चाललंय. नवरा वेळेवर येतो, वेळेवर जेवतो, पूर्वीपेक्षा जास्त हसतो. कोणी चिडत नाही, कोणी पुन्हापुन्हा खिडक्या तपासत नाही.

तिचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घराची बेल एकदा वाजवा. दार उघडेल ती बाई हसतमुख असेल, आत बोलावेल, तिच्याशी वाद घालू नका. काही निमित्त काढा आणि मुलीला जवळ घेऊन नीट बघा. डोळ्यांत बघा, कपाळाला हात लावून बघा.

कारण ती इथे दाराला कान लावून बसलेली असते. पोरीचं हसणं ऐकू येतं, मोजणं ऐकू येतं. आता सातनंतर आठच येतात. परवा भिंगरी पळताना धाडकन पडली, तेही ऐकू आलं. पण साडेतीन वर्षांची पोर इतक्या दिवसांत एकदाही रडलेली नाही.