ॲन्सेल्मचे शेअर्स

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ज्याच्यावर हे गुदरलं तो लेस्ली आजही भुईगावात राहतो, आणि ही हकिकत सांगताना स्वतःच्या चोरीवर पांघरूण घालत नाही. खोटं बोलणारा माणूस आधी स्वतःला वाचवतो.

१६ फेब्रुवारी २०२४. शुक्रवार.

रात्र नव्हती. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं.

तीनच दिवसांपूर्वी लेस्लीच्या थोरल्या भावाला, ॲन्सेल्मला, माती दिली होती. ॲन्सेल्म एका औषध कंपनीत मोठा साहेब होता. बावीस वर्षांत कंपनीने त्याला पगाराबरोबर शेअर्सही दिले होते, आणि त्यांची किंमत आता कोटींच्या घरात गेली होती. खातं त्याच्या एकट्याच्या नावावर. नॉमिनी कुणीच नाही. 'पुढच्या महिन्यात करू' म्हणता म्हणता राहून गेलं, आणि एके दिवशी छातीत कळ आली. पाच दिवस व्हेंटिलेटरवर काढून तो गेला.

वारस दोघीच. बायको सेलिन आणि मुलगी जीना. पण नॉमिनी नसला की कोर्टातून वारसाचा दाखला आणावा लागतो, मगच शेअर्स नावावर होतात. लेस्लीला हे माहीत होतं.

त्याला आणखी एक गोष्ट माहीत होती... भावाच्या मोबाइलचे, बँकेचे सगळे पासवर्ड.

ॲन्सेल्म गेल्याचं ब्रोकरला अजून कुणी कळवलं नव्हतं. कळवलं की खातं गोठणार.

"वहिनी, दादाचा फोन माझ्याकडे असू दे," तो सेलिनला म्हणाला. "सारखे लोकांचे फोन येतात, तुम्हाला त्रास नको."

सेलिनने विश्वासाने फोन दिला.

खाली हॉलमध्ये बायका रोझरीची प्रार्थना म्हणत होत्या. लेस्ली वर भावाच्या खोलीत गेला. दार आतून लावलं आणि दाराकडे पाठ करून टेबलाशी बसला. चढ्या भावाने अर्धे शेअर्स विकायला लावले. ओटीपी आला. त्याने टाकला.

एक मिनिट गेलं.

'ऑर्डर रद्द. ग्राहकाच्या विनंतीवरून.'

चुकून काहीतरी दाबलं असेल, असं वाटून त्याने पुन्हा लावली.

पुन्हा रद्द.

आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं... खालची रोझरी ऐकू येत नव्हती. एवढ्या पंधरा-वीस बायका, आणि एक शब्द नाही.

ऐकू येत होतं ते वेगळंच.

टुक... टुक... टुक...

आणि मध्येच, लांब ओढलेला श्वास. यंत्राने ओढल्यासारखा.

पंखा असेल, असं त्याने मनाला सांगितलं. वर पाहिलं. पंखा बंद होता.

मागे बघायचं धाडस झालं नाही. घाईघाईने तिसऱ्यांदा ऑर्डर लावायला घेतली, तोच हातातला फोन वाजला.

"ॲन्सेल्म सर, मी ऋतिका, ब्रोकरच्या ऑफिसातून," पलीकडून मुलगी म्हणाली. "तुम्ही फोन करून ऑर्डर रद्द करायला लावता, आणि परत टाकता. नक्की काय करायचंय?"

लेस्लीने आवाज जड केला. "मी कुठे फोन केला?"

"आत्ताच केलात ना सर! याच नंबरवरून. दोनदा."

फोन तर सकाळपासून त्याच्याच हातात होता.

त्याने कॉलची यादी उघडली. अकरानंतर बाहेर गेलेला एकही कॉल नव्हता.

भावाच्या पैशावर आणखी कुणाचा तरी डोळा आहे, असंच त्याला वाटलं. भीतीपेक्षा रागच जास्त आला. दुपारी तो थेट वसई रोडला, स्टेशनजवळच्या ऑफिसात गेला. ऋतिकाला म्हणाला, "मी ॲन्सेल्म साहेबांचा नातेवाईक. त्यांना बरं नाही. त्यांच्या नावाने कोण फोन करतंय, ते ऐकायचंय." नाव मात्र सांगितलं नाही.

ती आढेवेढे घेत होती, पण शेवटी तिने दुसऱ्या कॉलचं रेकॉर्डिंग लावलं. वेळ होती अकरा वाजून एकवीस मिनिटं.

आधी नुसतं टुक... टुक...

मग ॲन्सेल्मचा आवाज. घोगरा, घशात नळी असल्यासारखा.

"विकू नका..."

रेकॉर्डिंगमधल्या ऋतिकाने जन्मतारीख विचारली. त्याने सांगितली. पॅन नंबर विचारला. त्याने एकेक अक्षर सांगितलं, प्रत्येक अक्षरानंतर तो लांब श्वास.

"सर, आवाज नीट येत नाहीये. तुम्ही कुठे आहात?"

पुन्हा टुक... टुक...

मग...

"लेस्लीच्या मागे."

रेकॉर्डिंग संपलं. ऋतिकाने सहज विचारलं, "हे लेस्ली कोण?"

लेस्ली उठून तडक बाहेर पडला. तो थेट भुईगावात आला. सगळ्या बायकांसमोर त्याने फोन सेलिनच्या हातात ठेवला, गुडघे टेकले आणि काय काय केलं ते सांगून टाकलं.

सेलिन ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "माझ्यासाठी काही म्हणाले का रे?"

"नाही, वहिनी."

ती उठून आत गेली. त्यानंतर ती लेस्लीशी कामापुरतंच बोलते.

पुढच्या कामाच्या दिवशी तिने ब्रोकरला मृत्यूचा दाखला दिला. खातं गोठलं. कोर्टात चौदा महिने गेले, पण शेअर्स रीतसर मायलेकींच्या नावावर झाले. जीनाच्या कॉलेजसाठी त्यातले थोडे विकले, तेव्हा ऑर्डर एका झटक्यात पार पडली. कुणाचाही फोन गेला नाही.

लेस्ली आता चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसतो. पाठ भिंतीला टेकवून. घरातही त्याची खुर्ची भिंतीला चिकटलेली असते. तरीही बोलता बोलता तो मध्येच थांबतो, मान ताठ करतो, काहीतरी ऐकतो...

मी एकदा त्याला विचारलं, "त्यानंतर भाऊ कधी दिसला का?"

"दिसायला मागे वळावं लागतं," तो म्हणाला. "मी अजून वळलेलो नाही."