तीन खाचांची मेख

एकोणीसशे सत्तावन्नच्या जूनमधली गोष्ट. झेनो आमच्या भट्टीवर पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या टोपीवरचं पाणी थेट ऐरणीवर ठिबकत होतं.

"टोपी काढ आधी! ऐरण गंजेल."

त्याने टोपी काढली, आणि चार वाकलेल्या मेखा पुढे केल्या. "सरळ करशील, लोहारीणबाई?"

इटलीतल्या आमच्या डोलोमाइट डोंगरांच्या त्या गुळगुळीत कड्यांना हाताची पकड मिळत नाही. फटीत मेख ठोकायची, तिला दोराची शिडी लटकवायची, शिडीवर उभं राहून पुढची मेख ठोकायची. रविवारच्या चढाईत वाकलेल्या मेखा सोमवारी आमच्याकडे यायच्या. बाबांचा नियम एकच — मेख सरळ केली की कानशीने एक खाच. तीन खाचा झाल्या, पुन्हा वाकली, की भंगारात. वाकून वाकून लोखंड आतून थकतं. माझा भाऊ तीता अशाच एका थकलेल्या मेखेवर उभा राहिला होता, आणि ती तुटली. नियम त्याच्यानंतरचा.

झेनो दर सोमवारी येऊ लागला.

"कडा वाईट, की तुझा हात?"

"नशीब वाकडं गं... तुझ्याकडे आलं की सरळ होतं."

बाबा मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळावा तसे निखारे ढवळत राहायचे. मी मान खाली घालून खाच पाडायचे — जरा हळूच.

ऑगस्टात आठवडाभर धुकं होतं. कुणी कड्याला हात लावला नव्हता. तरी सोमवारी झेनो हजर. मेखा त्याच, तीन-तीन खाचांच्या... पुन्हा वाकलेल्या.

मी एक उजेडात धरली. "कड्यावर हातोड्याचा मार मेखेच्या डोक्यावर बसतो. ही मधोमध ठोकून वाकवलीय. तूच."

त्याने हातातली टोपी पिळली. "यायला कारण नको का, नीव्हेस?"

मला हसू आलं नाही. "आणि रविवारी ह्यांच्यावरच उभा राहणार होतास?"

"तू सरळ केलेल्या म्हणून... हो."

भात्याच्या वर तीताची तुटकी मेख टांगलेली होती. मी तिकडे नुसतं बोट दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. चारही मेखा मी भंगारात टाकल्या.

मग फळीवरून तीतासाठी घडवलेल्या चार कोऱ्या मेखा काढल्या. दोन वर्षं त्यांना कुणी हात लावला नव्हता. बाबांचा भाता थांबला. एकेक मेख मी ऐरणीवर वाजवून ऐकली. चारही स्वच्छ वाजल्या, आत कुठे तडा नव्हता.

"ह्या घे."

"आणि मग सोमवारी—?"

"रिकाम्या हातानं ये," मी म्हटलं. "टोपी तेवढी दारातच काढ."