कोंड्याच्या जिममधली बारी

निकेशने खिशातून कागद काढला तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते आणि एकोडीच्या खळ्यावर शेकोटी नुकती धरली होती. साकोलीत नवी जिम उघडणार होती, तिची ती जाहिरात. महिन्याला तीनशे, दिवसरात्र उघडी, केव्हाही या. निकेशला पोलीस भरतीला उतरायचं होतं, म्हणून त्याने तो मोठ्या कौतुकाने धाकट्या बहिणीला, गुड्डीला दाखवला. तिथून तो मोठेबाबांच्या हातात गेला, आणि सगळं बिघडलं.

मोठेबाबा म्हणजे त्यांच्या वडिलांचे थोरले भाऊ, टिकाराम. वरठीच्या स्टील कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. मागच्या उन्हाळ्यात निवृत्त होऊन गावी आले, तेव्हापासून धान पाहायचं आणि जगाला नावं ठेवायची, ही दोन कामं ते नेमाने करत. त्यांनी कागद मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसा दोन बोटांत धरून शेकोटीच्या उजेडात पूर्ण वाचला.

“फायदे बराबर लिहिले हायेत,” ते म्हणाले. “तोटा लिवाचा राहून गेला.”

मग त्यांनी धनंजयची गोष्ट सांगितली. धनंजय वरठीत त्यांच्या शेजारी राहणाऱ्या रत्नमालाबाईंचा मुलगा, त्याच कारखान्यात कामाला. गोष्ट गेल्या वर्षीच्या कार्तिकातली, मोठेबाबा अजून वरठीत होते तेव्हाची, आणि मोठेबाबा सांगतात त्यात एक अक्षरही पदरचं नाही, असं ते आधीच बजावतात.

वरठीत रेल्वे फाटकाच्या पलीकडे एका बंद पडलेल्या राइस मिलचं गोदाम होतं. कैलाश नावाच्या एका गृहस्थाने ते भाड्याने घेतलं, भिंतींना एक हात रंग मारला आणि आत जिम थाटली. पण वीस वर्षं धानाचा कोंडा साठवलेलं गोदाम एका हात रंगाने थोडंच विसरतं? पंखा लावला की वरच्या पत्र्यांतून कोंडा झरायचा आणि घामेजलेल्या अंगावर बसायचा. तासभर व्यायाम करून पोरं बाहेर पडत ती तळायच्या आधी पीठ लावलेल्या मासोळ्यांसारखी. म्हणून तिचं नाव कोंड्याची जिम. पाटीवर काहीतरी इंग्रजी नाव होतं, पण ते कैलाशलासुद्धा धड म्हणता येत नव्हतं.

यंत्रं कुणीतरी भंगारात काढलेली. पळायच्या दोन मशिनी होत्या. एक सुरूच होत नसे, तिच्यावर टॉवेल वाळत. दुसरी सुरू झाली की थांबत नसे, म्हणून तिच्यावर कोणी चढत नसे. भिंतीवरच्या चित्रात एक परदेशी पहिलवान होता, त्याचं तोंड ओलीने खाल्लं होतं. आणि मालक असा की आधी पोट आत यायचं, मग कैलाश. तो संध्याकाळी सहा ते आठ बसायचा. आठनंतर चावी बाहेर मीटरच्या डब्यात. ज्याला यायचं त्याने कुलूप काढावं, जाताना लावावं. याला तो चोवीस तास सेवा म्हणायचा.

आता धनंजयला हे सगळं फायद्याचंच वाटायचं. त्याची दुसरी शिफ्ट रात्री अकराला सुटायची, त्या वेळी दुसरी कुठली जिम उघडी असणार? फी कमी. ट्रेनर नाही, म्हणजे चूक दाखवणारं कोणी नाही, आणि चूक न दाखवणारी जागा माणसाला फार आवडते. शिवाय त्याला घाई होती. तो सत्तावीस संपवत होता. ही भरती हुकली की वयात बसणार नव्हता, मग जन्मभर कारखान्यात कंत्राटी. याआधी दोनदा तो पहिल्याच दारातून परत आला होता. छाती भरायची, पण फुगायची नाही. श्वास घेतला की पाच सेंटीमीटर वाढली पाहिजे, असा नियम. त्याची साडेतीनवर अडायची.

मोठेबाबांनी त्याला सांगून पाहिलं होतं. पहाटे वैनगंगेच्या काठाने पळ, छातीत हवा भर, पाण्यात दम धर. पण पहाटे उठण्यापेक्षा मोबाइल पाहणं सोपं. मोबाइलवर कोणीतरी सांगितलं की बेंचवर पडून रॉड मारला की छाती होते. छाती होणं वेगळं आणि छाती फुगणं वेगळं, एवढं कळायला पोलीस व्हायची गरज नाही. पण धनंजय बेंचवर पडायला लागला.

त्या जिममध्ये एकच गोष्ट नीट चालायची, आणि तिचे पैसे कैलाश घेत नव्हता. ट्रेनर नाही म्हणून पोरांनी आपसात रीत ठरवली होती. एक जण बेंचवर पडून रॉड मारणार, दुसरा त्याच्या उशाशी उभा राहणार. खालच्याचे हात गळाले की वरच्याने रॉडखाली दोन बोटं लावायची. याला म्हणायचं सपोर्ट. मग वरचा खाली पडणार, खालचा उशाशी जाणार. ज्याने सपोर्ट घेतला त्याने तो दिल्याशिवाय जायचं नाही. पाळीला तिकडे बारी म्हणतात, आणि बारी म्हणजे बारी.

कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची रात्र, गुरुवार. भरतीला नऊ दिवस उरले होते. धनंजय त्या रात्री व्यायामाला चालला नव्हता. आदल्या रात्री तो जेवणाचा डबा जिममध्ये विसरला होता. रत्नमालाबाईंनी त्या दिवशीच्या पोळ्या वर्तमानपत्रात बांधून दिल्या होत्या आणि डब्याशिवाय घरात पाऊल टाकू नको म्हणून बजावलं होतं. शिफ्ट सुटल्यावर चहा पिऊन तो तिकडे वळला. पावणेबारा झाले होते. चांदणं टिपूर होतं, फाटक उघडं होतं, रस्त्यावर कोणी नव्हतं.

त्याने मीटरच्या डब्यातून चावी घेतली, कुलूप काढलं, चावी खिशात टाकली. ट्यूबलाइट एकच लागायची. डबा खिडकीत होता. त्याने तो उचलला.

इथे निघाला असता तर आज वर्दीत असता. पण आलोच आहे तर एक सेट मारू, असं त्याला वाटलं. नऊच तर दिवस राहिले. त्याने डबा खाली ठेवला, शर्ट काढला, रॉडला दोन्हीकडे मिळून चाळीस किलो लावले. रॉडचे वीस. साठ. नेहमी तो साठ मारायचा, पण नेहमी उशाशी कोणीतरी असायचं.

बेंचला नवं लाल रेक्झिन होतं, पावसाळ्यात बसवलेलं. त्यावर तो पडला. पाच झाले. सहा. सातव्याला कोपरं थरथरली. तिथे थांबावं की नाही? पण थांबायला डोकं लागतं. आठव्याला रॉड खाली आला तो वर जाईना. छातीवर टेकला. तो ढकलत राहिला, रॉड इंचभर उठला, पुन्हा टेकला. श्वास बाहेर गेला आणि आत यायला जागा राहिली नाही. डोळ्यांसमोर काळे ठिपके आले. मरणाची भीती वाटली त्याला, खरीखुरी. आणि सवयीने तोंडातून निघालं,

“भाऊ… सपोर्ट.”

रॉडखाली बोटं लागली.

दोन इकडे, दोन तिकडे. रॉड अलगद उचलला गेला आणि खट्टकन स्टँडवर बसला.

धनंजय तसाच पडून धापा टाकत राहिला. डोळ्यांत घाम गेला होता, तो त्याने हाताने पुसला. “थँक्यू भाऊ,” म्हणाला. उठून बसला. खिशातली चावी मांडीला टोचली.

चावी.

कुलूप बाहेरून होतं. त्यानेच काढलं होतं.

त्याने मागे वळून पाहिलं. उशाशी कोणी नव्हतं. पंखा बंद होता, तरी वरून कोंडा झरत होता. ट्यूबलाइटच्या उजेडात बारीक, सावकाश, सगळीकडे सारखा. फक्त एका जागी नाही. बेंचच्या उशाशी, माणसाएवढ्या जागेत, कोंडा खाली येत नव्हता.

तो उठला. मागे सरकला. ती रिकामी जागा पुढे आली… बेंचला वळसा घालून, रोजच्यासारखी. रेक्झिन करकरलं. मधोमध दबलं.

रॉड स्टँडवरून उठला.

एक. दोन. तीन. रॉड खाली यायचा, वर जायचा. मधे कोणी नाही. चार… पाच.

सहाव्याला अडला.

बेंचपासून वीतभर वर. हवेत. तिथेच थरथरत राहिला.

“भाऊ…” आवाज दमलेला होता. रागाचा नव्हता. “माही बारी हाये.”

धनंजय हलला नाही.

“उचल ना गा.”

तो उशाशीच उभा होता. बेंचभोवती मागे सरकता सरकता नेमका तिथेच आला होता, जिथे उभं राहायचं असतं. दोन बोटं लावायची होती. त्याचा हात पुढे गेलाही… बोटं रॉडला लागली. रॉड गार होता. आणि रॉडला धाप लागली होती. आत… बाहेर… आत… आणि मग नुसतं बाहेर.

रॉड खाली जाऊ लागला. बेंचपर्यंत चार बोटं अंतर राहिलं. तीन.

त्याने हात काढून घेतला.

पळाला. शर्ट नाही, डबा नाही, कुलूप नाही. पळताना तो एकाच आवाजाची वाट पाहत होता. साठ किलोचा रॉड पडल्याचा. फाटकापर्यंत कान मागेच होते. आवाज आलाच नाही.

मोठेबाबांनी काटकीने निखारे सारले. मग गुड्डीने हळूच विचारलं, तो कोण होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनंजय मोठेबाबांच्या दारात येऊन बसला होता, दुसऱ्याचा शर्ट घालून. मोठेबाबा त्याला घेऊन कैलाशकडे गेले. कैलाश आधी हसला, मग चिडला, मग पंख्याकडे पाहत सगळं बोलला. सचिन नावाचा कंत्राटी पोरगा होता, जुलैत. रात्री दोघे जण व्यायाम करत होते. सोबतच्याने आपले सेट मारले, सचिनचा सपोर्ट घेतला, आणि सचिनची बारी आली तेव्हा त्याला फोन आला. फोनवर बोलत बोलत तो बाहेर गेला आणि तसाच घरी निघून गेला. सचिन पहाटे सापडला, रॉडखाली. कैलाशने पोराच्या घरच्यांना गप्प केलं, बाकीच्यांना घरीच हार्टफेल झाला म्हणून सांगितलं, बेंचचं रेक्झिन बदललं आणि त्याच संध्याकाळी सहा वाजता जिम उघडली.

“सहा वाजता,” मोठेबाबा शेकोटीत थुंकले. “आन् पोरं आली. महिन्याचे पैसे भरले होते ना.”

कुणी विचारलं नाही, चौकशी केली नाही, रेक्झिन नवं कसं म्हणून कुणाच्या मनातही आलं नाही. मोठेबाबांना कैलाशची किळस आली होतीच, पण त्या संध्याकाळी त्याच बेंचवर पडलेल्या सगळ्यांची जास्त आली. त्यांनी कैलाशला त्याच्याच दारात पोलिसांत जायची धमकी दिली, आणि परतताना फाटकापाशी धनंजयला थांबवून सांगितलं,

“आज रातच्याले जा. मी येतो संगं. दोन बोटं लाव, त्याची बारी दे, अन् मोकळा हो.”

धनंजयने मान खाली घातली. भरती झाली की जाईन म्हणाला. आत्ता मनावर परिणाम होईल, आठच दिवस आहेत. मोठेबाबांनी त्याला पुन्हा सांगितलं नाही. असं एकदाच सांगायचं असतं.

त्या आठ दिवसांत तो जिमकडे फिरकला नाही. फाटकसुद्धा ओलांडलं नाही. पण पहाटे उठून नदीकाठी पळाला, जे आधी दोन वर्षं जमलं नव्हतं ते. भीतीने का होईना, छातीत हवा भरली, पाण्यात दम धरला. रत्नमालाबाईंनी घरी शिवणाच्या टेपने मोजलं. भरतीच्या आदल्या रात्री छाती सव्वापाच सेंटीमीटर फुगली. ती माउली देवापुढे दिवा लावून रडली.

सकाळी सातला भंडाऱ्याच्या मैदानावर त्याचा नंबर आला. उघड्या अंगाने रांगेत उभा होता. हवालदाराने छातीला टेप लावला. ब्याऐंशी.

“फुगव.”

धनंजयने श्वास घेतला. मागच्या पोराला ऐकू जाईल एवढा. खांदे उचलले, मानेच्या शिरा ताठल्या.

ब्याऐंशी.

“श्वास घे ना बे.”

“घेतला, साहेब.”

हवालदार चांगला माणूस होता. त्याने तीनदा मोजलं. ब्याऐंशी… ब्याऐंशी… ब्याऐंशी. केसभरही नाही. मग त्याने टेप काढला आणि छातीकडे पाहतच राहिला. हे कशाने झालं, म्हणून त्याने विचारलं. धनंजयने मान खाली करून पाहिलं.

छातीवर आडवा लाल पट्टा होता, अंगठ्याएवढा रुंद, या काखेपासून त्या काखेपर्यंत. रॉड हातातून सटकू नये म्हणून त्यावर बारीक जाळी कोरलेली असते, ती जाळी कातडीत जशीच्या तशी उमटली होती. सकाळी आंघोळीला ती नव्हती. हवालदाराने बोट लावून पाहिलं, तेव्हा पट्टा गार होता, आणि अजून खोल जात होता.