नोंदवहीतला कर्ता

प्रयोगशाळेच्या हौदात ‘टिटवी’ तिसऱ्यांदा उलटी केली आणि तिसऱ्यांदा ती नऊ सेकंदांत सरळ उभी राहिली. सव्वीस फुटी शिडाची होडी. उलटली तरी तिला आपोआप सावरणारा, शिसं भरलेला तिचा कणा डॉ. शाल्मली कर्णिकने रचला होता. जलबंद कप्पे होते, कमरेला अडकवायचा जीवदोर होता. एकट्या माणसाने रेवदंड्याहून लक्षद्वीपला जाऊन यावं इतकी होडी सज्ज होती. नापास झाला होता तो माणूस.

“दहा चुका चालतात. तांडेलकाकांच्या अकरा झाल्या,” डॉ. अन्वर मुकादम पडद्याकडे बघत म्हणाले. चुका मोजणारं ‘कारणशोधक’ हे यंत्र त्यांचं. “शाल्मली, तुझी एकही नाही. राखीव म्हणून तूच जाशील.”

हरेश्वर तांडेल चाळीस वर्षं समुद्रावर होते. त्यांचे वडील याच वाटेने शिडावर गेलेले. आपणही एकदा जावं म्हणून वर्षभर त्यांनी शाल्मलीबरोबर चाचणीसफरी केल्या होत्या.

“यंत्र ठरवतं कसं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही दोघं आपापल्या वहीत नोंदी लिहिता. यंत्र प्रत्येक वाक्यातला कर्ता शोधतं. ‘कडी सुटली’ असेल तर दोष कडीचा, कडी बदला. ‘मी दोर सोडला’ असेल तर दोष माणसाचा. होडी सुधारली ती अशीच.”

“मग बरोबरच हाय. वय झालं माझं.” काकांनी टोपी उचलली.

शाल्मलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. जीवदोराची कडी आतापर्यंत चार वेळा बदलली होती, आणि चारही वेळा ‘कडी सुटली’ असं तिनेच लिहिलं होतं. खोटं लिहायचं तिच्या मनातही नव्हतं. आपल्या भाषेची ही मोठी सोय आहे. बशी फुटते, दूध उतू जातं, किल्ली हरवते; घरात माणसं असतात ती नुसती बघायला. शास्त्रज्ञ बाईसुद्धा याच घरात वाढलेली. काका मात्र शाळेत फारसे न गेल्यामुळे केलं ते लिहीत होते, आणि त्याचंच त्यांना शासन झालं होतं.

गप्प बसली असती तर तिला लक्षद्वीप मिळालं असतं. एक क्षण ती गप्प बसलीही, आणि त्या क्षणाची तिला सगळ्यांत जास्त लाज वाटली.

“अन्वर, माझी वही उघड. कडी सुटली नव्हती. मी अडकवलीच नव्हती.”

“चारही वेळा?”

“चारही वेळा.”

मग दोर सुटला नव्हता, तिने सोडला होता. कंदील पडला नव्हता, तिने पाडला होता. बारा नोंदी झाल्या तरी ती थांबली नाही. मुकादम मुकाट्याने टंकत होते. काका जमिनीकडे बघत होते, जणू त्यांचंच काही उघडं पडत होतं.

शेवटची नोंद फाल्गुनातली. भर समुद्रात लाट आत शिरून होडी अर्धी भरली होती. दोघं कशीबशी वाचली. वहीत होतं, ‘झडप उघडी राहिली.’

“मी उघडी ठेवली,” शाल्मली म्हणाली.

यंत्र अडलं. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘एका घटनेला दोन मानवी कर्ते. तांडेल यांची नोंद: झडप मी उघडी ठेवली. खरा कर्ता कोण?’

ती काकांची अकरावी चूक होती.

“काका, तुम्ही तर सुकाणूवर होतात!”

शाल्मलीने मुकादमांच्या पुढ्यातून कळफलक ओढला आणि स्वतःचं नाव टंकलं. पडद्यावर आलं: ‘तांडेल: दहा. पात्र. कर्णिक: अपात्र.’

“माझ्यासाठी खोटं कशाला लिहिलंत?” तिने विचारलं.

“तुझ्यासाठी नाय, बाय,” काका संकोचून म्हणाले. “तुझी वही मी वाचली होती. म्हटलं, ही काय कबूल करायची नाय, आन हे लोक चांगली सागवानी झडप उचकटून फेकून देतील. तिची काय चूक होती?”