सगळ्यांचेच सात किलो

“नीट उभी राहा. हलू नकोस... एक्केचाळीस!” काचेमागच्या कारकुनाने आकडा वहीत खरडला आणि जांभई दिली. “चला, पुढचा!”

“एक्केचाळीस?” ताई वजनकाट्यावरून उतरायचीच विसरली. “अहो, गेल्या सोमवारी शाळेत चौतीस भरलं होतं!”

“विमानातलं जेवण अंगी लागलं तुझ्या!” तिचा मावसभाऊ म्हणाला. त्याला सगळे चष्मिश म्हणत.

एरवी ताईने त्याला धपाटा घातला असता, पण आता हात उचलायचंही त्राण नव्हतं. दोन दिवसांत हा तिसरा विमानतळ! पाय सुजलेले, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालेलं आणि चष्मिशचा धाकटा भाऊ टिल्लू तर बॅगेवरच पेंगत होता. ताईची आई जिथे नर्स होती, त्या देशात माणसं मोजकी आणि मोकळं रानच फार. तिथल्या राष्ट्रीय विमान कंपनीकडे मोठ्या नावाखाली एकच छोटं विमान होतं आणि ते आठवड्यातून एकदा, शुक्रवारी उडायचं. विमान छोटं म्हणून सामानासारखंच माणसांचंही वजन करायचे, फक्त वेगळ्या काट्यावर. कोट-बूट सामानात ठेवायचे आणि नुसत्या मोज्यांवर काट्यावर उभं राहायचं.

टिल्लूचं वजन झालं, चष्मिशचं झालं, त्यांच्या आईचं, म्हणजे ताईच्या मावशीचं झालं. कारकुनाने बेरीज केली आणि डोकं खाजवलं.

“नव्वद किलो जास्त होतायत. ज्यांची तिकिटं शेवटी निघाली त्यांना थांबावं लागेल. म्हणजे तुम्ही. मुलांना एकटं ठेवता येत नाही, तेव्हा चौघंही. पुढच्या शुक्रवारी या.”

“पुढच्या शुक्रवारी तर आमचं परतीचं तिकीट आहे!” मावशी रडकुंडीला आली.

“मग काय करणार? नियम आहे.”

चौदा महिने! चौदा महिने ताईने आईला नुसतं फोनवर पाहिलं होतं, तेही धड दिसायची नाही. आता एकच उड्डाण उरलेलं असताना परत फिरायचं? मावशी तर हात टेकून बाकावर बसलीच होती. “जाऊ दे गं बाळा. माझ्यात भांडायचा जीव नाही उरलेला.”

“मावशी, तुझं वजन किती भरलं?” ताईने विचारलं.

“विचारूच नकोस मेलं! सात किलोंनी वाढलंय. बसून बसून सुजलेय मी.”

“सात?” चष्मिशची पेंग उडाली. “अगं, माझंही सातच वाढलंय! अडतीसचे पंचेचाळीस!”

“माझंही!” टिल्लू डोळे चोळत म्हणाला. “मी सत्तावीस आहे, ते चौतीस म्हणाले. मला वाटलं मी मोठा झालो.”

जेवून जेवून तिघांचं आणि वर मावशीचं बरोबर सात-सात वाढतं होय? ताई तडक काचेपाशी गेली.

“काका, तुमचा वजनकाटा बिघडलाय!”

“काल तपासलाय. सकाळी मी स्वतः शून्यावर लावलाय. जा, बसा गुपचूप.”

“पण काका—”

“एकदा सांगितलं ना!”

कारकून चहाकडे वळला. तेवढ्यात टिल्लू काउंटरखालून पलीकडे सरपटत गेला, त्याने मान वर करून पाहिलं आणि तो धावत परत आला.

“ताई! काट्यावर कोणी नाहीये, तरी सुई सातावर आहे!”

काट्यावर जाडजूड काळी रबराची चटई पसरलेली होती. ताईने तिचं एक टोक उचलून पाहिलं. बाप रे, काय जड! आता सगळं ध्यानात आलं, पण हे कारकुनाला पटवणार कसं? तो तर ऐकायलाच तयार नव्हता.

त्याच वेळी वैमानिक बाई आत आल्या आणि वही मागून घेऊन वाचू लागल्या. त्यांच्या नावापुढे एकसष्ट आकडा होता.

“बाई, तुमचं वजन केलं का हो?” ताईने धीर करून विचारलं.

“दर शुक्रवारी करतात. नऊ वर्षं झाली, मी एकसष्टावरून हललेली नाही!”

“पण आज केलं का?”

बाईंनी कारकुनाकडे पाहिलं. त्याने चहाच्या पेल्यात नजर घातली. “रोजचंच म्हणून लिहून टाकलं,” तो पुटपुटला.

“मग उभ्या राहा ना! प्लीज!”

बाईंनी बूट काढले, कोट काढला आणि त्या काट्यावर चढल्या. सुई अडुसष्टावर जाऊन थांबली.

“अरे देवा!” बाई किंचाळल्या. “सात किलो? एका आठवड्यात?”

“तुम्ही नाही, ही चटई!” तिघंही एका सुरात ओरडली.

चटई ओढून बाजूला करायला तिघांचा घाम निघाला. सुई गपकन शून्यावर आली. कारकुनाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सकाळी एका आजींनी तळपायाला लोखंड गार लागतं म्हणून तक्रार केली, तेव्हा त्यानेच ती चटई गोदामातून आणून टाकली होती. काटा शून्यावर लावल्यानंतर!

“चौदा प्रवासी, सात-सात किलो,” चष्मिशने हिशेब मांडला, “अठ्ठ्याण्णव किलो जादा धरले. म्हणजे विमान अजून आठ किलोंनी हलकंच आहे!”

“नुसत्या बेरजेवर मी विमान उडवत नाही. सगळ्यांचं वजन पुन्हा करा,” बाईंनी फर्मावलं. बाईंसकट पंधरा जणांनी पुन्हा बूट काढले, कुरकुर केली, गार लोखंडावर उड्या मारल्या. आकडा चष्मिशने सांगितला तेवढाच निघाला.

“शाब्बास रे पोरांनो!” बाई म्हणाल्या. “मोठ्यांनी डोळे मिटून घेतले होते, तुम्ही उघडे ठेवलेत.” कारकूनही खाली मान घालून म्हणाला, “चुकलंच माझं.” मावशीने तर सगळ्यांसमोर तिघांचे मुके घेतले.

विमानात तिघंही पट्टा बांधता बांधताच झोपली. पुढे बाईंनी माइकवरून त्यांचं कौतुक सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्यांना कशाचाच पत्ता नव्हता.

ताईला जाग आली ती गालावरच्या गार हाताने. आई थेट विमानात चढून आली होती. “ऊठ गं माझ्या हुशार पोरी! वैमानिक बाईंनी सगळं सांगितलंय मला.”

आईला सांगायला ताईने दोन दिवस केवढं काय काय ठरवून ठेवलं होतं! त्यातलं एक अक्षरही आठवेना. तिने आईच्या गळ्यात हात टाकले आणि ती रडायलाच लागली.

“आई, मी खूप दमले गं.”

“हो ना माझ्या सोन्या,” आई म्हणाली आणि तिथेच, शेजारच्या खुर्चीत, तिला कुशीत घेऊन बसून राहिली. बाकीचे प्रवासी वाट बघत मागे उभे राहिले. कोणीही घाई केली नाही.