ताट खाली आहे

मानायचं तर माना, पण हे घडलेलं आहे. पूजा खोटं बोलणाऱ्यातली नाही.

गेल्या श्रावणातला सोमवार. उज्जैन, फ्रीगंजमधलं एक लहानसं नर्सिंग होम. भर दुपार.

महाकालाच्या सवारीमुळे रस्ते बंद. पूजाच्या जोडीची सिस्टर मीना पोचलीच नव्हती. एकटी पूजा साऱ्या वॉर्डात भिंगरीसारखी फिरत होती.

खिडकीजवळच्या खाटेवर वसंतकाका. मूळचे साताऱ्याकडचे, रेल्वेच्या नोकरीपायी इथे आलेले. साखरेचा आजार. मुलगा केदार घरी जाऊन येतो म्हणाला, तो गर्दीत अडकला.

पूजाने इन्सुलिन भरलं. नाव पाहिलं, मात्रा पाहिली. पेशंट जेवला की नाही, एवढंच बघायचं राहिलं.

काकांचा डोळा लागला होता. शेजारच्या स्टुलावर मात्र...

एक काकू बसल्या होत्या. सुती पातळ, कपाळावर मोठं कुंकू.

“काकू, काकांचं जेवण झालं ना? इंजेक्शन लावायचं आहे.”

काकूंचे डोळे भरून आले.

“ताट खाली आहे,” त्या म्हणाल्या.

पूजाचा जन्म उज्जैनचा. तिच्या घरी डबा खाली, बाटली खाली, म्हणजे रिकामी. ताट खाली, म्हणजे काका जेवले. तिने निर्धास्तपणे सुई टोचली.

काकूंनी हात पुढे केला... तो पूजापर्यंत पोचला नाही.

थोड्या वेळाने काका घामाने निथळले. हाका मारल्या... ओ नाही. डॉक्टर धावत आले, ग्लुकोज दिलं. उशीर झाला होता.

धावपळीत खाट सरकली.

खाली ताट होतं... भरलेलं. वरणभाताला हातही लागला नव्हता.

स्टुलावर कुणी नव्हतं.

केदार आला, रडला. पूजा कशीबशी म्हणाली, “तुमच्या आईंनीच सांगितलं हो, ताट खाली आहे म्हणून.”

केदारने मान वर केली.

“सिस्टर... आईला जाऊन वर्ष होत आलं.”

पूजा अजून ड्यूटीवर जाते. आता कुणाच्या शब्दावर विसंबत नाही, वाकून स्वतः बघते. पण जीव कुठेच लागत नाही.

मीना समजूत घालते, “अगं, काकू त्यांना घ्यायलाच आल्या असतील. तुझी काय गलती?”

“घ्यायला नाही गं,” पूजा म्हणते. “त्या सांगायला आल्या होत्या. माझ्या समजमध्येच नाही आलं.”