भोपळा न शिजणारं घर

हैमवती आली तेव्हा तिच्या हातांवरची मेंदी अजून लालभडक होती आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काहीच नव्हतं.

"माझं लग्न मोडलंय," ती म्हणाली, बसची वेळ सांगावी तशी. "येत्या सोमवारी होतं. आता सगळे म्हणतात, नवरा, शेखर, माझा भाऊ लागतो. खरं काय ते मला कळायला हवं."

सुगुणा काकिनाड्यात लोकांची गुपितं शोधून द्यायची. तिचा मावसभाऊ प्रकाशम गाडी चालवायचा आणि शंका काढायचा.

"कोण म्हणतं असं?" सुगुणानं विचारलं.

"शेखरची थोरली आत्या, शेषारत्नमगारू. त्यांच्या घराचं नाव, म्हणजे आडनाव, गुम्मडि. गुम्मडि म्हणजे भोपळा, म्हणून ते लोक भोपळ्याला सुरी लावत नाहीत, तोंडात घालत नाहीत. कुठेच नाही. आमच्या घराचं नाव मुक्कामल. पण आमच्या चुलीवरसुद्धा भोपळा कधी चढला नाही. आत्या म्हणतात, तुम्ही मूळचे गुम्मडिच, नाव बदलून बसलात."

एका घराच्या नावाची मुलं म्हणजे भाऊबहीण. त्यांचं लग्न होत नाही, यावर कुणी वादही घालत नाही.

"अक्का, मग आहेतच की भाऊबहीण," प्रकाशम पुटपुटला. "जायचं कशाला?"

"तू जेवायला चल," सुगुणा म्हणाली.

गोदावरीचे कालवे ओलांडत ते गावात पोचले. हैमवती मागे डोळे मिटून बसलेली, म्हणून प्रकाशमनं तिच्या वडिलांच्या नावाला अदबीचं 'गारू' जोडून चहावाल्या म्हाताऱ्याला विचारलं, "सूर्यनारायणगारूंचं घर कुठलं?"

"जावयाचं घर ना? ते काय, नारळांच्या मागे."

"लग्न मोडलं तरी जावई जावई चाललंय," प्रकाशम हळूच म्हणाला. "गावाला कळलं नसेल."

"आजोबा, कधीपासून म्हणता जावयाचं घर?" सुगुणानं विचारलं.

"माझा बापही तेच म्हणायचा."

हैमवतीचे वडील ओसरीवर नारळ सोलत होते. मान वर न करता बोलले.

"भोपळा? घरात नाही शिजत. बाहेर खातो की मी. देवळात जेवण असलं की दप्पळमाच्या आंबट रश्शात भोपळा असतोच. माझे वडील तर दोनदा मागून घ्यायचे."

"तुमच्या आजीचं माहेर कुठलं?"

"मी जन्मायच्या आधीच गेली ती. आजीच्या माहेरचं नाव कोण विचारतं, अम्मा?" त्यांनी पुढचा नारळ घेतला.

मग त्याच गावात शेषारत्नमचं घर. सत्तरीची बाई, पण आवाज खणखणीत. शेखर तिच्या शेजारी बसलेला. कॉफी एका मुलीनं आणली.

"ही माझी धाकटी. उशिरा झाली, म्हणून लग्नाची राहिलीय," शेषारत्नम म्हणाली. "आणि पोरी, तू मला काय विचारतेस? हैमवतीच्या आजोबांना बावगारू, बावगारू करत त्यांच्या अंगणात लहानाची मोठी झाले मी. त्यांचं घर मला नाही माहीत तर कुणाला?"

"खरंय," सुगुणा म्हणाली. "संध्याकाळी तिकडेच या. सगळेच या."

संध्याकाळी लग्नाच्या मांडवासमोर, ओसरीवर सगळे जमले. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

"मुक्कामल हे गावाचं नाव," सुगुणानं सुरुवात केली. "माणूस आपल्याच गावात राहिला तर त्याला गावाचं नाव कोण चिकटवेल? म्हणजे या घराचा मूळपुरुष मुक्कामलहून इथे आला. कशाला आला? जावई म्हणून. गाव अजून याला जावयाचं घर म्हणतं."

"मग भोपळा?" प्रकाशमनं विचारलं.

"चूल सासऱ्याची होती ना. हैमवतीची पणजी गुम्मडिंच्याच एका घरची एकुलती लेक, म्हणून नवरा घरजावई झाला. चुलीचा नियम राहिला, नाव मात्र नवऱ्याचं लागलं. गुम्मडिंचा माणूस कुठेच भोपळा खात नाही. इथले पुरुष देवळात मागून खातात. खरे गुम्मडि असते तर खाल्ला असता?"

शेषारत्नम पदर चाळवत म्हणाली, "मला काय ठाऊक हे सगळं? मी तेव्हा लहान."

"ठाऊक होतं. एका घराचे असता तर हैमवतीच्या आजोबांना तुम्ही अन्नय्या म्हटलं असतं, दादा. तुम्ही बाव म्हणायचात. बाव म्हणजे सख्ख्या नाहीतर चुलत आत्याचा मुलगा, ज्याच्याशी लग्नसुद्धा होऊ शकतं. हे आत्याचं घर आहे, भावाचं नाही, हे शिकवूनच तुम्हाला तशी हाक मारायला लावली होती. उलट शेखर आणि हैमवतीचं लग्न नात्यात बसतंच. पण ते मोडलं की शेखर तुमच्या धाकटीला मोकळा."

शेषारत्नमनं धाकटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझ्यामागे तिला कोण आहे?"

शेखर पुढे आला. त्याचा चेहरा एकदम उजळला होता.

"हैमा, मग सोमवारी..."

"आत्या बोलल्या तेव्हा तू शेजारीच होतास," हैमवती म्हणाली. आवाज तसाच, सपाट. "एक प्रश्न तरी विचारायचास."

"त्या मोठ्या आहेत. मला वाटलं..."

"हो. दुसऱ्या दिवशी मला फोनवर चेल्लेम्मा म्हणालास. धाकटी बहीण. इतक्या लवकर जमलं तुला."

ती वडिलांकडे वळली.

"नान्ना, मांडववाले कधी येतायत?"

"उद्या म्हणालेत."

"आजच बोलवा. मांडव काढून टाकू देत," ती म्हणाली, आणि सगळ्यांची पानं वाढायला आत गेली.